साखर, संपृक्त मेदाम्ले आणि पेशीची दोन फाटके

‘साखर वाईट की तूप वाईट?’ नाशिक रोड परिसरातील शिक्षकांशी आहाराविषयी बोलण्याचा प्रसंग आला की हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. विचारणाऱ्यांमध्ये साधारणपणे दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, ‘आमचे आजोबा वाटीभर तूप खाऊन नव्वद वर्षे जगले, खरा दोष साखरेचा.’ दुसरा म्हणतो, ‘साखर तर लगेच जळून जाते, साठते ती चरबी.’ दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य आहे. पण प्रश्नाची मांडणीच अपुरी आहे. पेशीच्या आत गेल्यावर साखर आणि मेदाम्ले एकमेकांपासून अलिप्त राहत नाहीत. एकीचे पुढे काय होणार, हे दुसरी किती आहे यावर ठरते. म्हणून ‘हे की ते’ असे न विचारता ‘हे आणि ते एकत्र आले म्हणजे काय होते’ असे विचारले पाहिजे.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. कोणत्याही शाळेच्या शिक्षकखोलीत पाहिले तर बिनसाखरेचा चहा मागणारे दोघे-तिघे सापडतातच. तेव्हा पेशीत नेमके काय घडते, ते समजून घेऊया.

दोन इंधने, दोन कोठारे

आपल्या शरीरात मुख्यतः दोन इंधने जळतात. एक ग्लुकोज आणि दुसरे मेदाम्ले. भात, पोळी, भाकरी यांतील पिष्टमय पदार्थांचे पचन होऊन ग्लुकोज मिळते. आपण चहात घालतो ती साखर म्हणजे सुक्रोज. तिचा अर्धा भाग ग्लुकोज असतो आणि अर्धा फ्रुक्टोज. तेल-तुपाच्या पचनातून मेदाम्ले मिळतात.

या दोन इंधनांच्या साठवणीत फार मोठा फरक आहे. प्रौढ माणसाच्या सुमारे ५ लिटर रक्तात एका वेळी विरघळलेले ग्लुकोज जेमतेम ५ ग्रॅम असते, म्हणजे चहाचा एक चमचा! यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम साठा असतो. याउलट मेदाचा साठा सडपातळ माणसाच्या अंगातही कित्येक किलो असतो. शिवाय एक ग्रॅम मेदातून ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर एक ग्रॅम साखरेतून ४. साखर म्हणजे जणू खिशातली सुटी नाणी आणि मेद म्हणजे बँकेतील ठेव.

मेंदूला रोज शंभर ग्रॅमहून अधिक ग्लुकोज लागते आणि मेदाम्ले तो जवळजवळ वापरत नाही. म्हणजे उपासाच्या वेळी सुटी नाणी मेंदूसाठी राखून ठेवायची आणि बाकीच्या अवयवांनी ठेव मोडून खायची, अशी व्यवस्था हवी. ती व्यवस्था पेशीत आहे.

दोन फाटके

पेशीतील ऊर्जानिर्मितीचे केंद्र म्हणजे तंतुकणिका, हे आपण आठवी-नववीला शिकवतोच. दोन्ही इंधने अखेर याच तंतुकणिकेत येतात आणि तेथे दोहोंचे रूपांतर एकाच पदार्थात होते. त्याचे नाव ॲसिटिल कोएन्झाइम-ए. पण तेथवर पोहोचण्याचे मार्ग वेगळे आहेत. ग्लुकोजचे आधी पेशीद्रवात पायरुवेट बनते. ते तंतुकणिकेत शिरले की पायरुवेट डिहायड्रोजिनेज नावाचे विकर त्याचे ॲसिटिल कोएन्झाइम-ए करते. लांब साखळीची मेदाम्ले मात्र कार्निटिन नावाच्या वाहकाच्या मदतीने, वेगळ्या विकराच्या पहाऱ्यातून आत येतात. त्या विकराला शास्त्रज्ञ सीपीटी-१ म्हणतात.

रेल्वेच्या भाषेत सांगायचे तर एकाच स्थानकावर दोन बाजूंनी रस्ते येतात आणि प्रत्येक रस्त्यावर एकेक फाटक आहे. यातील गंमत अशी की एका रस्त्यावरची रहदारी वाढली की दुसऱ्या रस्त्याचे फाटक पडते.

यातील पहिले फाटक १९६३ साली उलगडले. केंब्रिजमधील फिलिप रँडल आणि त्यांचे सहकारी गारलँड, हेल्स व न्यूजहोम यांनी उंदरांच्या हृदयाच्या व श्वासपटलाच्या स्नायूंवर प्रयोग केले. मेदाम्ले पुरवली की स्नायू ग्लुकोज कमी वापरतात, असे त्यांना आढळले. मेदाम्ले जळू लागली की तंतुकणिकेत ॲसिटिल कोएन्झाइम-ए साठते आणि ते पायरुवेटचे फाटक पाडते. शिवाय सायट्रेट वाढते व ग्लुकोजच्या विघटनाची एक आधीची पायरीही मंदावते. उपासाच्या वेळी मेंदूसाठी साखर वाचते ती अशी.

दुसरे फाटक १९७७ साली सापडले. अमेरिकेतील डॅलस येथील मॅकगॅरी व फॉस्टर यांनी दाखवले की ग्लुकोज भरपूर असले की पेशीत मॅलोनिल कोएन्झाइम-ए नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो सीपीटी-१ ला अडवतो. म्हणजे मेदाम्लांचे फाटक पडते. हेही तर्काला धरूनच आहे. साखर मुबलक असताना ठेव कशाला मोडायची?

या दोन फाटकांमुळे शरीर दिवसभर एका इंधनावरून दुसऱ्यावर सहज जाऊ शकते. जेवणानंतर साखर, रात्रभर मेद, पुन्हा न्याहारीनंतर साखर. मात्र या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. दोन्ही इंधने आलटून पालटून येतील, दोन्ही एकाच वेळी आणि तीही दिवसभर येत राहणार नाहीत. आपल्या उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे तळलेले वेफर आणि बासुंदी असा बेत असतो. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण पेशीच्या दृष्टीनेही खरी आहे!

संपृक्त म्हणजे काय

मेदाम्लाचा रेणू म्हणजे कार्बन अणूंची साखळी. साखळीतील प्रत्येक कार्बनला शक्य तितके हायड्रोजन जोडलेले असतील, तर ते संपृक्त मेदाम्ल. कोठे तरी दुहेरी बंध असेल तर ते असंपृक्त. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण स्टिअरिक आम्ल आणि ओलेइक आम्ल यांची तुलना करून पाहा. दोघांतही १८ कार्बन आहेत. स्टिअरिक आम्लात दुहेरी बंध नाही आणि ते सुमारे ६९ अंश सेल्सियसला वितळते. ओलेइक आम्लात एकच दुहेरी बंध आहे आणि ते सुमारे १३ अंशांनाच वितळते. दुहेरी बंधामुळे साखळीला बाक येतो आणि रेणू एकमेकांना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधता येते, वाकड्या फांद्यांची येत नाही, तसेच हे.

आपल्या आहारातील प्रमुख संपृक्त मेदाम्ल म्हणजे १६ कार्बनांचे पामिटिक आम्ल. पामतेलातील सुमारे निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात आणि त्यांत पामिटिक आम्लच सर्वांत जास्त. साजूक तुपातही ते भरपूर असते. शेंगदाणा तेलात असंपृक्त ओलेइक व लिनोलेइक आम्लांचे प्राबल्य असते, तर पारंपरिक करडई तेलात लिनोलेइक आम्लाचे.

दोन्ही एकत्र आली म्हणजे

आता मुख्य मुद्दा. समजा, पेशीत ग्लुकोजही भरपूर आहे आणि पामिटिक आम्लही. ग्लुकोजमुळे मॅलोनिल कोएन्झाइम-ए वाढले आणि मेदाम्लांचे फाटक पडले. आत जाऊन जळायला हवे होते ते पामिटिक आम्ल पेशीद्रवातच अडकून पडले. त्याचे पुढे काय होणार?

असंपृक्त ओलेइक आम्ल अशा वेळी सहजपणे ट्रायग्लिसराइडमध्ये गुंफले जाते आणि मेदाच्या थेंबात निमूट पडून राहते. संपृक्त पामिटिक आम्ल त्या मानाने थेंबात कमी सहजतेने सामावते आणि त्याचा अधिक भाग इतर वाटांनी जातो. एक वाट डायॲसिलग्लिसरॉलकडे जाते. दुसऱ्या वाटेवर सेरिन या अमिनो आम्लाशी संयोग होऊन सिरॅमाइड तयार होते. हे दोन्ही पदार्थ इन्शुलिनचा निरोप पेशीत पुढे जाऊ देत नाहीत. तिसरा परिणाम म्हणजे आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात सरळ साखळ्यांची गर्दी होऊन ते ताठर बनते आणि तेथील प्रथिनांची घडण बिघडते.

इन्शुलिनचा निरोप पोहोचला नाही की स्नायूंमध्ये ग्लुकोजचे दरवाजे पृष्ठभागावर येत नाहीत आणि ग्लुकोज रक्तातच राहते. येथे विज्ञान कसे पुढे जाते याचेही एक उदाहरण मिळते. रँडल यांची कल्पना अशी होती की अडथळा ग्लुकोज पेशीत शिरल्यानंतरच्या पायऱ्यांवर येतो. १९९६ साली येल विद्यापीठातील जेराल्ड शुलमन यांच्या गटाने चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने माणसाच्या जिवंत स्नायूतील रसायने मोजली. रक्तातील मेदाम्ले वाढवल्यावर काही तासांनी स्नायूत ग्लुकोजचे पहिले रूप साठण्याऐवजी कमी झालेले दिसले. म्हणजे अडथळा त्याच्याही आधी, ग्लुकोज आत येण्याच्या जागीच होता. रँडल यांचे चक्र खोटे ठरले नाही, पण माणसाच्या स्नायूतील इन्शुलिनरोधाचे सगळे स्पष्टीकरण त्याच्यात मावत नाही, हे कळले.

आणखी गंभीर परिणाम होतो तो इन्शुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातील बीटा पेशींवर. माँट्रियलमधील मार्क प्रेंत्की यांच्या गटाने २००३ साली दाखवले की संपृक्त मेदाम्ले आणि वाढलेले ग्लुकोज एकत्र आले की बीटा पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात. दोहोंचे परिणाम वेगवेगळे मोजून बेरीज केली, तर तिच्याहूनही हा एकत्रित परिणाम जास्त भरतो. त्याच वर्षी सेंट लुइस येथील जीन शाफर यांच्या गटाला वेगळ्या प्रकारच्या पेशींत असे आढळले की पामिटिक आम्लाने मरणाऱ्या पेशींना सोबत ओलेइक आम्ल दिले तर त्या वाचतात. कारण तेच. ओलेइक आम्लाच्या संगतीने पामिटिक आम्लही मेदाच्या थेंबात बंदिस्त होते.

एक सावधगिरी येथेच सांगतो. बशीतल्या पेशींना शास्त्रज्ञ एकच मेदाम्ल, तेही बऱ्याच मोठ्या मात्रेत देतात. शरीरात मेदाम्ले नेहमी मिश्रणात असतात. त्यामुळे अशा प्रयोगांवरून ‘तूप विष आहे’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. पेशीवरचा प्रयोग यंत्रणा दाखवतो, मात्रा ठरवून देत नाही.

साखरेचेच पामिटिक आम्ल

‘आम्ही तेल-तूप खातच नाही, फक्त गोड खातो’ असे म्हणणारेही या कचाट्यातून सुटत नाहीत. यकृतात गरजेपेक्षा जास्त साखर आली की ॲसिटिल कोएन्झाइम-ए पासून नवे मेदाम्ल बनवले जाते. या कारखान्यातून बाहेर पडणारे मुख्य मेदाम्ल कोणते? पामिटिक आम्ल! आणि ते बनवण्याच्या वाटेवरचा पहिला पदार्थ म्हणजे तेच मॅलोनिल कोएन्झाइम-ए, जे मेदाम्लांचे फाटक पाडते. म्हणजे जास्तीची साखर संपृक्त मेदाम्ल तयारही करते आणि त्याचे ज्वलनही रोखते. फ्रुक्टोज तर ग्लुकोजच्या मार्गावरील एक महत्त्वाची नियंत्रक पायरी टाळून थेट पुढे जाते, त्यामुळे यकृतात त्याचा मेद अधिक सहज होतो.

माणसांवरचा एक प्रयोग येथे उद्बोधक आहे. फिनलंडमध्ये ३८ जादा वजनाच्या व्यक्तींना तीन आठवडे रोज १००० किलोकॅलरी जास्तीचे खायला दिले. एका गटाला ही जास्तीची ऊर्जा मुख्यतः संपृक्त मेदातून, दुसऱ्याला असंपृक्त मेदातून, तिसऱ्याला साखरेतून मिळाली. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यकृतातील मेद संपृक्त गटात ५५ टक्क्यांनी, साखरेच्या गटात ३३ टक्क्यांनी आणि असंपृक्त गटात १५ टक्क्यांनी वाढला. संपृक्त गटात रक्तातील सिरॅमाइडेही वाढली. ऊर्जा सारखीच, परिणाम वेगळे. कॅलरी मोजणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही.

आपला जिल्हा उसाचा. नाशिक रोडहून सिन्नरकडे निघाले की पळसे येथे नाशिक सहकारी साखर कारखाना लागतो. शेजारच्या नगर जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला आणि त्यातून अनेक गावांत शाळा-महाविद्यालये उभी राहिली. म्हणून साखरेला खलनायक ठरवण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न मात्रेचा आणि संगतीचा आहे.

पुण्याचा दाखला

यावर कोणी म्हणेल, ‘हे लठ्ठ माणसांचे दुखणे आहे. आम्ही तर सडपातळ!’ याचे उत्तर पुण्यात मिळाले. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती माता व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे हडकुळी, पण त्वचेखालचा मेद मोजला तर तो मात्र वजनाच्या मानाने टिकून होता. कमी पडले होते ते स्नायू व पोटातील अवयव.

२००४ साली डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ मध्ये आपले एक जोड छायाचित्रच छापले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाटा दोघांना एकाच रांगेत बसवतो, पण आतली घडण निराळी असते.

याचा पेशीतील फाटकांशी संबंध असा. जेवणानंतर ग्लुकोज प्रामुख्याने जाते ते स्नायूंत. स्नायूच कमी, म्हणजे साखर सामावून घेणारे कोठार लहान. त्वचेखालच्या मेदपेशींची क्षमता संपली की मेदाम्ले यकृत, स्नायू, स्वादुपिंड अशा भलत्याच ठिकाणी उतरतात. तेथे वरून साखरेचा लोंढा आला की फाटकावरची कोंडी सुरू होते. म्हणून वर्गातला किडकिडीत मुलगा रोज क्रीमची बिस्किटे आणि फरसाण खात असेल, तर ‘त्याला काय होतंय, अंगावर मांस तर दिसत नाही’ असे म्हणून चालणार नाही. अंगावर मांस नाही, हेच तर काळजीचे कारण आहे.

वर्गात काय करता येईल

पहिला प्रयोग सोपा आहे. चार काचेच्या लहान बाटल्यांत तूप, खोबरेल, शेंगदाणा तेल आणि सूर्यफूल किंवा करडई तेल घ्या. सर्व बाटल्या कोमट पाण्यात ठेवून द्रवरूप करा, मग शीतकपाटात ठेवून दर पंधरा मिनिटांनी पाहा. कोणते आधी गोठते याची विद्यार्थ्यांनी नोंद करावी. खोबरेल लवकर गोठते, कारण तेही बहुतांशी संपृक्त असते, मात्र त्यातील साखळ्या आखूड असतात. सरळ आणि वाकड्या साखळीचा फरक मुलांना डोळ्यांनी दिसतो.

दुसरा उपक्रम वेष्टनांचा. मुलांना बिस्किटे, वेफर, केक यांची रिकामी पाकिटे आणायला सांगा. पोषणमूल्यांच्या तक्त्यात वरून घातलेली साखर आणि संपृक्त मेद हे दोन्ही आकडे दिलेले असतात. दोन्ही उतरवून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत असावी, आणि संपृक्त मेदही १० टक्क्यांच्या आत. २००० किलोकॅलरींच्या आहारात याचा अर्थ साखर ५० ग्रॅम, शक्य तर २५, आणि संपृक्त मेद सुमारे २२ ग्रॅम. हे गणित मुलांनाच करू द्या. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावण्यास सांगितले. आमची सूचना अशी की आपल्या शाळेत असा फलक असेल, तर त्यावर साखरेच्या रकान्याशेजारीच संपृक्त मेदाचा रकाना काढावा. दोन्ही आकडे मोठे असलेले पदार्थ कोणते, हे मुलांना चटकन कळेल. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, भाजी या यादीत येणार नाहीत, हेही कळेल.

तिसरी गोष्ट शिक्षकांनी स्वतः करण्याची आहे. स्नायू आकुंचन पावू लागला की ग्लुकोजचे दरवाजे इन्शुलिनच्या निरोपावाचूनही पृष्ठभागावर येतात. त्याच वेळी स्नायूतील मॅलोनिल कोएन्झाइम-ए कमी होते आणि मेदाम्लांचे फाटक उघडते. कोंडी दोन्ही बाजूंनी सुटते, आणि यासाठी कोणतेही औषध लागत नाही. जेवणानंतर शतपावली करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. शंभर पावलांनी भागणार नाही, पंधरा-वीस मिनिटे चालावे लागेल, एवढीच त्यात दुरुस्ती करावी.